मुख्य चेहरा

लग्नाला एकवीस दिवस उरले होते आणि कॉम्प्युटर एकसष्ट टक्क्यांवर अडून बसला होता. ‘फोटोंची जुळवणी चालू आहे’ असं तो गेले चार दिवस सांगत होता आणि टक्का काही हलत नव्हता.

मिरजेच्या श्रीनिवास मिराशींच्या घरात तो कॉम्प्युटर म्हणजे अडगळच. बैठकीच्या कोपऱ्यात, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला. घरातल्या तिघांचे फोन आणि हा कॉम्प्युटर यांत फोटोंचा एकच अल्बम असावा, एकीकडे घातलेला फोटो सगळीकडे दिसावा, हे काम ‘गोतावळा’ नावाच्या सेवेचं. ऋजुताच्या लग्नात दाखवायची फिल्म या अल्बमातून करायची होती आणि फोटो निवडायचं काम श्रीनिवासच्या बायकोकडे आलं होतं. घरातली जी कामं कुणाचीच नसतात, ती तिची असत.

तिला घरीदारी पद्मजा म्हणत. तिचं माहेरचं नाव हर्षदा. निदान या गोष्टीत तरी तिला तिच्याच नावानं हाक मारू. चोवीस वर्षांत तेवढंही कुणी केलेलं नाही.

पद्मजा हे नाव खरं तर श्रीनिवासच्या पहिल्या बायकोला लग्नात दिलेलं. ती मेंदूज्वरानं गेली तेव्हा ऋजुता अडीच वर्षांची होती. वर्षभरानं हर्षदा आली. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायची वेळ झाली, तेव्हा श्रीनिवासनं सवयीनं आईकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, “पद्मजाच लिही. श्रीनिवासाला पद्मजाच शोभते. आणि सगळ्या भांड्यांवर तेच नाव घातलेलं आहे, पुन्हा कुठे नावं घालत बसायची?” मांडवात सगळे हसले. हर्षदाही हसली. नव्या नवरीनं हसायचंच असतं.

दुसरं मूल नको, उगाच घरात दुजाभाव नको, हेही सासूबाईंनीच ठरवलं आणि श्रीनिवासनं मान डोलावली. मग हर्षदानं ऋजुताला वाढवलं. जीव लावून वाढवलं. पोरगी तिला आई म्हणायची, आणि त्या एका हाकेवर हर्षदानं भांड्यांवरचं नाव गिळून टाकलं होतं.

तर त्या गुरुवारी सकाळी तिनं कॉम्प्युटरवर ऋजुताच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो उघडला. शाळेचं फाटक, रडवेली ऋजुता, तिचा हात धरून उभी असलेली निळ्या ड्रेसमधली हर्षदा. फोटो छान होता. फिल्म करणाऱ्याला पाठवावा म्हणून तिनं फोनमध्ये तोच शोधला.

फोनमध्ये फाटक तेच होतं, ड्रेस तोच निळा होता, ऋजुताचा हात धरलेल्या बोटांतली अंगठीसुद्धा तीच. चेहरा मात्र पद्मजाचा होता. भिंतीवरच्या चंदनी हारातल्या पद्मजाचा.

हर्षदानं चष्मा पुसला. दुसरा फोटो उघडला, तिसरा उघडला. दहावीच्या निकालादिवशी पेढा भरवणारी पद्मजा, नुकती चाळिशी ओलांडलेली. पुण्याच्या हॉस्टेलसमोर ट्रंक उचलणारी पद्मजा. गेल्या महिन्यातल्या दिवाळीत उटणं घेऊन बसलेली पद्मजा. कानाजवळ केस पांढरे झालेले, हनुवटीखाली जरा सुटलेली. अठ्ठाविसाव्या वर्षी गेलेली बाई पन्नाशी ओलांडून फोनमध्ये हसत होती. स्वतःचे फोटो बघायची तिला सवय नव्हती, बहुतेक वेळा फोटो काढणारी तीच असे. त्यामुळे हे कधीपासून चाललंय, याचा तिला पत्ताच नव्हता.

*

स्टेशन रोडवर दुकान असलेले समीर मुजावर दुपारी आले. पंचेचाळिशीचा गृहस्थ, या घरातली सगळी यंत्रं त्यांच्याच हातांखालून गेलेली.

“काय ओ वहिनी, लगीनघाईत हे धूड कशाला काढलंय?” म्हणत ते बसले. पण अर्ध्या तासानं त्यांची थट्टा थांबली. त्यांनी कॉम्प्युटर खोलला नाही, नुसतं पडद्यावरचं वाचत राहिले.

“मशीनला काय झालेलं नाही,” ते शेवटी म्हणाले. “उलट तुमच्या घरात हे एकच मशीन ठीक आहे.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. बारा-पंधरा वर्षांपूर्वी जगभरच्या फोटोंचा साठा इतका वाढला, की तो सांभाळणाऱ्या केंद्रांना वीज पुरेना आणि यंत्रं थंड ठेवायला पाणी पुरेना. तेव्हा तोड निघाली, की पूर्ण फोटो साठवायचाच नाही. फोटोचा फक्त सांगाडा ठेवायचा: कोण कुठे उभं आहे, उजेड कुठून येतोय, कपडे कुठले, ओठांवर हसू आहे की रडू. चेहरे मात्र वेगळे ठेवायचे. दर कुटुंबाची एक चेहरेपेटी, आणि पेटीत माणशी एकच चेहरा, तोही गणिती सूत्राच्या रूपात. वय वाढेल तशी हाडं, कातडी, केस कसे बदलतील, तेही त्याच सूत्रात. आपण फोटो उघडला, की फोन त्या सांगाड्यावर पेटीतला चेहरा चढवतो, त्या वयाचा करतो आणि निमिषात चित्र रंगवून समोर धरतो. चाळिसाव्या हिश्श्याइतक्या जागेत काम भागतं.

“पूर्वी आपण लाडू करून डब्यात ठेवायचो,” मुजावर म्हणाले. “आता नुसती कृती ठेवतो. डबा उघडला की तेवढ्यापुरता लाडू वळून हातात देतात. कृतीत कुणी बेसन खोडून रवा लिहिला, की घरातले सगळे लाडू रव्याचे. मागं खाल्लेलेसुद्धा.”

“आमच्याकडे कुणी लिहिला?”

मुजावरांनी पडद्यावरची एक ओळ बोटानं दाखवली. “चेहरेपेटीत दोन पद्मजा श्रीनिवास मिराशी होत्या. नवरा एक, घर एक, मुलगी एक. दोघी एकाही फोटोत एकत्र नाहीत. एक संपते तिथून दुसरी सुरू होते. यंत्राला काय कळणार? त्यानं विचारलं, ही एकच व्यक्ती आहे का? बारा ऑगस्टला साहेबांच्या फोनवरून ‘हो’ आलं.”

“बरं.”

“मग त्यानं विचारलं, यातला मुख्य चेहरा कुठला धरू? ते उत्तर साहेबांचं नाही.” मुजावर चहाच्या कपात बघू लागले. “ते ऋजुताताईंच्या फोनवरून आलंय.”

बारा ऑगस्टला पद्मजाची तिथी होती. त्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक तिनंच केला होता.

“आणि माझा चेहरा? तो कुठे गेला?”

“दुबार म्हणून नव्वद दिवस ठेवला, मग पुसला. आता तो फक्त या मशीनमध्ये आहे. हे जुनं, त्यामुळे यात पूर्ण फोटो आहेत, सांगाडे नाहीत. वरून, म्हणजे गोतावळ्यातून, येणारे फोटो आणि यातले जुळेनात, चार हजार एकशे बारा फोटोंत फरक सापडलाय, म्हणून ते अडून बसलंय. वरचे खरे मानू का, असं विचारतंय. वहिनी, एक करा. हो म्हणू नका. मी नेटची तार काढून ठेवतो. याला बसणारी डिस्क माझ्याकडे नाही, सांगलीहून मागवतो. सोमवारी सगळं उतरवून घेऊ. मग तुम्ही तिघांनी संमती दिलीत, की त्यावरून तुमचा चेहरा पुन्हा बांधता येईल, वर्षावर्षाचा.”

“आणि दोघांनी नाही दिली तर?”

“तर निदान डिस्क तरी राहील तुमच्याकडे,” मुजावर म्हणाले.

*

श्रीनिवास वीज मंडळातून निवृत्त झालेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जेवून उठल्यावर हर्षदानं विषय काढला.

“अहो, आम्ही दोघी एकच का, असं विचारलं त्यानं, तर तुम्ही हो म्हणालात?”

“कुणी विचारलं?” मग त्याच्या लक्षात आलं. “ते होय! अगं, ते दिवसातून दहा वेळा काहीतरी विचारतं. हो म्हटल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. आणि त्यात खोटं काय? नाव एकच तर आहे.”

“एकच आहे, कारण तुम्ही एकच लिहिलंत. ताटात.”

“आता ते कुठे काढतेस!” श्रीनिवासनं वर्तमानपत्र उलगडलं. “पोरीचं लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. फोटोच तर आहेत. तू इथे समोर आहेस ना धडधाकट? मग झालं तर.”

पूर्वी असं काही तो बोलला, की हर्षदा स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरायची. या वेळी ती तिथेच उभी राहिली आणि आपल्या नवऱ्याकडे बघत राहिली. चोवीस वर्षांत या माणसानं एकदाही ‘हर्षदा’ अशी हाक मारलेली नाही, आणि आपणही कधी मागितली नाही. आपलंच चुकलं, असं तिला तेव्हा स्पष्ट वाटलं.

*

शनिवारी ऋजुता पुण्याहून आली. दोघी मागच्या खोलीत रुखवताचं सामान मांडून बसल्या होत्या. हर्षदानं आडपडदा न ठेवता विचारलं. ऋजुतानंही खोटं सांगितलं नाही. तसं वळण तिला हर्षदानंच लावलेलं होतं.

“आधी चुकूनच झालं, आई. बाबांनी हो म्हटलं आणि माझ्या फोनवर दोन चेहरे आले, यातला कुठला म्हणून. तिची तिथी होती. मी तिच्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, तिच्या जुन्या फोटोंपुरतंच असेल. दुसऱ्या दिवशी शाळेचा तो फोटो उघडला, तर ती होती. माझा हात धरून.” ऋजुताचे डोळे भरून आले. “मला ती आठवतच नाही गं. आवाज नाही, वास नाही, काही नाही. आणि एकदम ती सगळीकडे होती. मी मोठी होत होते आणि ती बघत होती.”

“मग कळल्यावर तू ते बदललं नाहीस.”

“नाही.”

“मला सांगितलंही नाहीस.”

“तू लगेच बदलून घेतलं असतंस.” ऋजुता हातातला कापडी पोपट उगाच दाबत राहिली. “आई, रागावू नकोस. पण तुला सगळं मिळालं. मी मिळाले, बाबा मिळाले, घर मिळालं. तिला काय मिळालं? अडीच वर्षं. तिला फोटोत तरी राहू दे की. खरं काय झालं ते आपल्याला माहीत आहेच.”

“आपल्याला माहीत आहे. उद्या तुझ्या मुलांनी विचारलं, ही कोण, तर काय सांगशील?”

“आजी म्हणून सांगेन.”

“आणि मी?”

ऋजुतानं पोपट खाली ठेवला.

“तुला गोवर आला होता,” हर्षदा म्हणाली, “तेव्हा अकरा दिवस मी तुझ्या उशाशी कडुलिंबाचा डहाळा घेऊन बसले होते. तुझ्या बाबांनी फोटो काढला होता त्याचा. काल पाहिला मी फोनमध्ये. तिथेही तीच बसलीय. माझ्याच साडीत.”

“तू केलंस ते मी नाही म्हणतेय का? जन्मभर नाही विसरणार.” ऋजुतानं तिचा हात धरला. “फक्त एवढं लग्न होऊ दे. माझ्या लग्नाच्या फोटोत मला माझी आई हवी आहे.”

तिनं ते इतक्या मायेनं म्हटलं, की हर्षदाला हात सोडवून घेता आला नाही. पोरीचं दुःख खरं होतं, हे तिला कळत होतं. त्या दुःखाला आपणच चोवीस वर्षं पदर लावून झाकलं, हेही कळत होतं. पण आत काहीतरी कायमचं तुटलं. सोमवारी डिस्क येईल, मग पोरीला काय हवं ते करू दे, आपली चोवीस वर्षं आपण कपाटात ठेवू, असं तिनं मनाशी ठरवलं आणि पोपटाच्या चोचीला टाका घातला.

*

सोमवारी मुजावर डिस्क घेऊन आले. क्रोशाचा रुमाल बाजूला केला, कॉम्प्युटर चालू केला आणि वाकून मागची तार बघितली.

“वहिनी, तार कुणी जोडली?”

श्रीनिवास आतून आला. “मी जोडली. आमंत्रणांची यादी त्यात होती, ती काल मेलनं पाठवायची होती. तर ते सारखं विचारायला लागलं, वरचे खरे मानू का, वरचे खरे मानू का. यादी उघडू देईना. मग दाबलं हो.”

पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं होतं: जुळवणी शंभर टक्के पूर्ण. सर्व उपकरणांवर अल्बम समान आहे.

मुजावरांनी तासभर खटपट केली. काही निघालं नाही. जागा वाचवण्यासाठी यंत्रानं जुने पूर्ण फोटो साफ केले होते आणि त्यांच्या जागी सांगाडे ठेवले होते. शाळेच्या फाटकाशी आता कॉम्प्युटरवरही पद्मजाच उभी होती.

“आजपासून नवीन चेहरा नोंदवता येईल,” मुजावर खाली बघत म्हणाले. “तिघांची संमती असेल तर. पण तो आजचा. मधली चोवीस वर्षं कुठून आणायची?”

श्रीनिवास दारात ओशाळून उभा होता. “मला काय माहीत? मी आपलं...” म्हणाला आणि आत निघून गेला. संध्याकाळी ऋजुताचा फोन आला. ती रडली, बाबांवर चिडली, आणि मग म्हणाली, “पण आता काय करणार, आई? गेलेच आहेत तर राहू दे ना तसंच.”

“राहू दे,” हर्षदा म्हणाली.

तिला राग आला होता. असा राग तिला कधी आला नव्हता. डोकं तापत नव्हतं, हात थरथरत नव्हते. लग्नाची सगळी कामं तिनं नेहमीपेक्षा नेटकी केली. विहिणीचं मानपान, आहेराच्या पिशव्या, केळवणं, कशात म्हणून कसूर केली नाही. संमतीचा विषय मात्र तिनं पुन्हा काढला नाही.

*

कार्यालय सांगली रस्त्यावरचं, नवं होतं. व्यासपीठाच्या बाजूला मोठा पडदा लावलेला होता. फोटो काढला, की तो गोतावळ्यातून फिरून दहा सेकंदांत पडद्यावर येई, मागे बसलेल्यांनाही दिसावं म्हणून.

सकाळी ऋजुता गौरीहरापाशी बसली होती. हर्षदानं पुढे होऊन तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मुंडावळ्या सारख्या केल्या. फोटो निघाला. दहा सेकंदांनी पडद्यावर पद्मजा वाकून लेकीला कुंकू लावत होती.

“अगं बाई, पद्मजा!” श्रीनिवासची थोरली बहीण, शालिनीवन्सं, मोठ्यानं म्हणाल्या आणि त्यांनी पडद्याला हात जोडले. चार-दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. हर्षदाचं बोट अजून ऋजुताच्या कपाळावर होतं. तिनं लेकीकडे पाहिलं. ऋजुता तिच्याकडे बघत नव्हती. ती पडद्याकडे बघत होती, तोंड किंचित उघडं, डोळ्यांत पाणी. असं तिनं हर्षदाकडे आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

हर्षदानं बोट पुसलं आणि ती बाजूला झाली.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. कन्यादानाची तयारी झाली. एका पाटावर श्रीनिवास बसला, शेजारचा पाट रिकामा होता. यजमानाच्या हातावर पाण्याची धार धरायची ती त्याच्या बायकोनं. गुरुजींनी झारी पुढे ठेवली आणि हाक मारली, “मुलीच्या आईला बोलवा.”

हर्षदा व्यासपीठाच्या पायरीशी उभी होती. तिनं जागा सोडली नाही.

“गुरुजी, सुपारी लावा,” ती म्हणाली.

गुरुजी गोंधळले. बायको हजर नसेल, तर नवऱ्यानं कमरेला सुपारी खोचून विधी करायचा, ही रीत त्यांना माहीत होती. पण बायको तर समोर उभी. “काही अडचण आहे का वहिनी?” त्यांनी आवाज उतरवून विचारलं.

“अडचण नाही. यांची पत्नी पंचवीस वर्षांपूर्वीच गेली. मघाशी पडद्यावर पाहिलीत ना तुम्ही? तीच.”

“पद्मजा, अगं लोक बघतायत,” श्रीनिवास पुटपुटला.

“लोक पडद्याकडे बघतायत,” हर्षदा म्हणाली. ती आवाज न चढवता बोलली आणि शांतपणे पंगतीच्या हॉलकडे निघून गेली.

मुहूर्त टळत होता. गुरुजींनी तबकातली सुपारी उचलून श्रीनिवासच्या हातात दिली. त्यानं ती कमरेला खोचली, झारी स्वतःच्याच हातानं कलती केली, आणि धार वेडीवाकडी पडली. फोटो निघाला. दहा सेकंदं गेली, वीस गेली. यंत्रानं त्या फोटोत चौथा माणूस शोधला आणि त्याला कुणीच सापडलं नाही. मग पडद्यावर आलं ते जसंच्या तसं: नवरामुलगा, हात पुढे धरलेली ऋजुता, एकटा श्रीनिवास आणि त्याच्या शेजारी रिकामा पाट.

पंगतीच्या हॉलमध्ये पानं मांडून झाली होती. हर्षदा मिठाचं वाडगं घेऊन पहिल्या पानापाशी वाकली होती, तोच शालिनीवन्सं धापा टाकत आल्या.

“अगं, चल लवकर! काय मांडलंयस हे? ऋजू रडतेय तिकडे. म्हणतेय, पडद्यावर माझी आई दिसत नाहीये.”

हर्षदानं पानाच्या डाव्या कडेला चिमूटभर मीठ ठेवलं.

“तिला सांगा वन्सं,” ती म्हणाली, “पडद्यावर दिसायला पाटावर कुणीतरी बसावं लागतं.”

आणि ती पुढच्या पानाकडे वळली.